धोतराच्या मागावरची साडी

माझ्या लग्नाची साडी धोतराच्या मागावर विणली गेली, ही गोष्ट आमच्या गल्लीत अजून सांगतात आणि दर वेळी थोडी वाढवून सांगतात. परवा एका बारशाला एक बाई सांगत होती की जयाच्या बापानं आयत्या वेळी धोतरालाच हळद फासली आणि पोरीला नेसवून उभी केली. मी तिच्या मागेच बसून घुगऱ्या खात होते. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकावं.

सन सत्तरची गोष्ट. महाल वस्तीतलं आमचं घर कोष्ट्याचं, म्हणजे पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाक आणि या दोन्हींच्या मध्ये माग. माग खड्ड्याचा. जमिनीत कमरेइतका खड्डा असतो, विणणारा त्याच्या काठावर बसून पाय आत सोडतो, आणि उभे धागे त्याच्या पुढ्यात जमिनीलगत ताणलेले असतात. माझे बाबा, शालिकराम, सकाळी त्या खड्ड्यात पाय सोडायचे ते जेवायलाच वर यायचे. वर आले तरी पाठ मागावरच राहिल्यासारखी वाकलेली असायची. मी त्यांना कधी ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्यात पाहण्यासारखं काही असेल असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं.

मी मात्र उंच होते. पाच फूट नऊ इंच, आणि हे मी आज छाती पुढे काढून सांगते, तेव्हा सांगत नव्हते. आई माझ्या खांद्यापाशी संपायची. शाळेत शेवटचा बाक माझा, फोटोत मागची रांग माझी, आणि गल्लीत कोणाच्या कौलावर पतंग अडकला की हाक मला. ही उंची पोरीनं आणली कुठून, हा आमच्या आत्याचा लाडका विषय होता. आत्या म्हणजे तुळजाबाई, बाबांची थोरली बहीण. सक्करदऱ्याहून सायकलरिक्षानं यायची आणि रिक्षातून उतरता उतरताच बोलायला लागायची. तिचं ठाम मत असं, की हा दोष आईच्या माहेरचा. आईच्या माहेरी तर सगळी माणसं बुटकी. पण आत्या म्हणे की पूर्वीचं कोणाला माहीत.

उंचीपेक्षाही मला छळलं ते साडीनं. साडीचा पन्हा असतो पंचेचाळीस इंच. त्यातलं थोडं कमरेला खोचण्यात जातं, आणि जे उरतं ते बाकीच्या पोरींच्या टाचांवर लोळायचं आणि माझ्या घोट्यावरच, जमिनीपासून चार बोटांवर, येऊन थांबायचं. कोष्ट्याची पोर, घरात रोज कापड निघतं, आणि माझे पाय उघडे. मग मला एक खोड लागली. साडीत चार लोकांपुढे उभं राहायचं झालं की मी आतल्या आत गुडघे वाकवायची. काठ जमिनीला टेकायचा, उंचीही कमी दिसायची, आणि एका खोडीत दोन्ही कामं व्हायची.

या खोडीचा उपयोग करून घ्यायचं आत्यानं ठरवलं, त्याला कारण होतं. तीन स्थळं येऊन गेली होती आणि तिन्हीकडून एकच निरोप आला होता, मुलगी चांगली आहे पण. त्या "पण"च्या पुढचं कोणी बोलत नसे. चौथं स्थळ उमरेडचं, मधुसूदन नावाचे मास्तर. आत्या आठ दिवस आधीच आमच्याकडे मुक्कामाला आली आणि मला गुडघे वाकवून चालण्याचं शिक्षण सुरू झालं. हातात पाण्यानं भरलेले पेले ठेवलेलं ताट द्यायची, आणि मी वाकल्या गुडघ्यांनी स्वयंपाकघरातून बैठकीत आणि बैठकीतून परत. तळ्यातल्या बगळ्यासारखी दिसत असेन. आई तोंडाला पदर लावून मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायची, आणि ती हसते आहे की रडते आहे हे मला कळायचं नाही.

पाहायला आले त्या दिवशी मी पोह्यांचं ताट घेऊन तशीच गेले आणि तशीच आले. पोह्याचा एक दाणाही सांडला नाही. बाबा विडे आणायला कोपऱ्यावर गेले होते, तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी उंची विचारली. आत्या म्हणाली, पाच-चार असेल. इतक्या सहजपणे म्हणाली, की क्षणभर मलाच खरं वाटलं.

मुलाच्या आईनं स्वयंपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं.  शेवटी मास्तरांनी एकच प्रश्न विचारला, की हे पोहे तुम्ही स्वतः खाल्ले का. मी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मी नाही म्हटलं, तर त्यांनी आपली बशी खाली ठेवली आणि आधी यांना खाऊ द्या म्हणाले. मला ते आवडले, हे आता लपवण्यात काय अर्थ आहे. त्या बशीपासूनच आवडले.

होकार आला, वैशाखातली तारीख ठरली, आणि माझी झोप उडाली. पाहण्याचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा असतो, तेवढं गुडघे निभावतात. लग्न दिवसभराचं. आणि त्यापुढचा संसार किती वर्षांचा, हे तर मी मोजायलाच घेतलं नाही. मी आत्याला विचारलं की पुढे काय. आत्या म्हणाली, एकदा अक्षता पडू दे, मग उंच हो की बुटकी हो.

अक्षता पडेपर्यंत मला बुटकी दाखवण्याची जबाबदारी तिनं साडीवर टाकली. लग्नाची साडी बाबाच विणणार होते, पण ती कशी असावी हे ठरवायला आत्या मला जरीपटक्याच्या बाजारात घेऊन गेली. तिथल्या एका सिंधी दुकानदाराकडे आरशासमोर उभं करून तिनं माझ्यावर चाळीस साड्या लावून पाहिल्या. उभ्या रेघांची साडी लावली तर मी आणखी वाढले. एकरंगी लावली तर, आत्याच्या शब्दांत, विजेचा खांब. नऊवारी नेसवून कासोटा घालून पाहिला, तर पोटऱ्याच दिसायला लागल्या. शेवटी एका साडीला वीतभर रुंद काठ होता आणि अंगावर आडवे पट्टे. ती लावल्यावर मी आरशात खरंच आखूड दिसले. आखूड आणि रुंद, धान्याच्या कोठीसारखी. आत्याचा चेहरा उजळला. यातली एकही साडी घ्यायची नाही हे तोवर दुकानदाराच्या लक्षात आलं होतं. तो निमूटपणे घड्या घालत म्हणाला, "माताजी, साड़ी चाहे जो बदल लो, लड़की तो इतनी ही रहेगी." आत्यानं ते ऐकलं नाही असं दाखवलं.

घरी येऊन तिनं बाबांना हुकूम सोडला. जांभळा रंग, आडवे पट्टे, वीतभर लाल काठ. बाबा खूश झाले, कारण रुंद काठात त्यांचा हात धरणारा माणूस महालात नव्हता. त्यांच्याकडे मागाला लावायच्या दोन फण्या होत्या. फणीच्या रुंदीवर कापडाचा पन्हा ठरतो. एक नेहमीची पंचेचाळीसची, दुसरी सत्तेचाळीसची, क्वचित लागणारी. कुठली लावावी हे ठरवण्यासाठी त्यांनी मला उभं राहायला सांगितलं आणि खड्ड्याच्या काठावर बसूनच कमरेपासून खाली हातानं माप घेतलं. आत्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी गुडघे वाकवले.

पुरते की पंचेचाळीस, बाबा म्हणाले, आणि फणी लावायला वळले. मला त्या क्षणी बोलायचं होतं. पण पाच-चार ऐकून गेलेली माणसं, बाबांना न सांगता दिलेला तो शब्द, आणि ती खाली ठेवलेली बशी, हे सगळं एकदम आठवलं आणि मी पाणी प्यायला आत निघून गेले.

साडी पंधरा दिवसांत उतरली. अशी साडी बाबांनी तोवर विणली नव्हती, त्यानंतरही नाही. काठावर विणलेले करवतीचे दाते इतके एकसारखे, की आई त्यावरून बोट फिरवतच राहिली. मला ती लगेच नेसवली, आत्या होतीच. मी शिकवल्याप्रमाणे गुडघ्यांत वाकून उभी राहिले. काठ बरोबर जमिनीला टेकला. बाबा मागातून वर आले, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते, आणि बाबांचं कौतुक कानांत दिसतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आई म्हणाली की नव्या वस्त्राला हळदकुंकू लावू द्या. कुंकवाची पेटी स्वयंपाकघराच्या सगळ्यात वरच्या फळीवर असायची. त्या फळीवरचं काही काढायचं म्हणजे घरातली बाकी माणसं स्टूल शोधायची, आणि मी काढायची. मी गेले, हात वर केला, पेटी काढली. काढताना अर्थातच पूर्ण उभी राहिले.

वळले तेव्हा सगळे माझ्या पायांकडे पाहत होते. वीतभर लाल काठ घोट्याच्या वर जाऊन थांबला होता, आणि खाली माझे पाय उघडे.

बाबा खाली बसले. काठ आणि जमीन यांच्या मध्ये त्यांनी हात आडवा धरला. चार बोटं मावली. मग त्यांनी माझ्या पदराचं टोक हातात घेतलं आणि साडीचा पन्हा मोजला. पंचेचाळीस भरला. पुन्हा मोजला. मग फणीकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं. आपलंच माप कुठेतरी चुकलं असं त्यांना वाटत होतं. तीस वर्षं मागावर काढलेला माणूस आपल्या हाताकडे तसा पाहत होता, ते मला बघवेना. मी सगळं सांगून टाकलं. गुडघे, पाच-चार, सगळं. पेटी हातात धरून, रडत रडत.

आत्या लगेच पुढे झाली. हे नसतं केलं तर हेही स्थळ गेलं असतं, आणि पोरगी काय जन्मभर पतंग काढत बसणार का, असं ती म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. तिला माझं चांगलंच करायचं होतं, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

बाबा उठले नाहीत. बसल्या बसल्याच बोलले.

"बाई, तीस वर्सं झाली. मी कोण्या गिऱ्हाइकाले चार बोटं कमी कापड देल्लं नाही. आन् पोरगी चार बोटं कमी सांगून देऊ?"

"मोडलं तं?" आत्या म्हणाली.

"मोडलं तं मोडलं. पण मापात मोडलं पाह्यजे."

मग त्यांनी मला भिंतीला टेकून उभं केलं. या वेळी दारात कोण उभं आहे ते पाहू नको म्हणाले. पांढऱ्या सुताचा एक धागा माझ्या टाचेखाली धरायला आईला सांगितलं, आणि दुसरं टोक आत्याला स्टुलावर चढवून डोक्यावर धरायला लावलं. आत्यानंच धरलं, हे महत्त्वाचं. धागा कापला, एका रिकाम्या कांडीवर गुंडाळला, आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते उमरेडला गेले. मुलीच्या बापानं असं न बोलावता जायचं नसतं, आत्या म्हणत होती. बाबा पायात चपला घालत होते.

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. मी तीनदा घर झाडलं. आई कांड्या भरत राहिली, भरायला सूत संपलं तरी चाक फिरवत राहिली. आत्या रागावून जेवली नाही, आणि मग कोणी आग्रह करत नाही असं पाहून आपली आपण जेवली. मला सारखं एकच वाटत होतं. मास्तरांनी नाही म्हटलं तर मला वाईट वाटेल, खूप वाईट वाटेल. पण गुडघे सरळ करून वाईट वाटेल. तेवढ्यानंही मला थोडं बरं वाटत होतं, आणि बरं वाटतं म्हणून पुन्हा रडू येत होतं.

दिवेलागणीला बाबा आले. हातात एक बाटली होती. ती त्यांनी खाली ठेवली, पाय धुतले, पाणी प्यायले, आणि मग एकदम हसायलाच लागले. बाबा तसे हसणारे नव्हते, त्यामुळे आम्ही घाबरलो.

झालं होतं असं. बाबांनी तिथे जाऊन हात जोडून खरी उंची सांगितली आणि कांडी पुढे ठेवली. ते ऐकून मुलाच्या आईनं देवाला हात जोडले. महिनाभर त्या घरात एकच चर्चा चालली होती, की मुलगी गुणी आहे पण गुडघ्यांनी अधू आहे. इतक्या कमी वयात गुडघे गेले, पुढे कसं व्हायचं. मास्तरांचं म्हणणं पडलं, की गुडघ्यांवर औषध असतं, आपण करू, पण नाही म्हणायचं नाही. म्हणून त्या माउलीनं कोण्या वैद्याकडून मालिशचं तेल आणून ठेवलं होतं, लग्नानंतर सुनेला लावायला. गुडघे धडधाकट आहेत म्हटल्यावर त्यांनी ते तेल बाबांनाच देऊन टाकलं, घरात कोणाला तरी लागेल म्हणून.

आत्या हे सगळं ऐकत होती. तिनं बाटली उचलली, वास घेतला, आणि कोणाला काही न म्हणता आपल्या पिशवीत ठेवली. गुडघे तिचे दुखायचे.

मी विचारलं, मास्तर काय म्हणाले. बाबा म्हणाले की त्यांना उंची आधीच माहीत होती. बैठकीत ते ज्या जागी बसले होते तिथून स्वयंपाकघराचं दार समोर येत होतं. ताट बाहेर यायच्या आधी त्यांनी मला सगळ्यात वरच्या फळीवरून पोह्यांच्या बशा काढताना पाहिलं होतं, स्टूल न घेता. त्यामुळे मी वाकून का चालते आहे हे त्यांना कळेना. घरी त्यांच्या आईनं गुडघ्यांचं म्हटलं तेव्हा त्यांना तेच खरं वाटलं.

मग बाबांनी खिशातून कांडी काढली आणि माझ्या हातात दिली. धागा मी उलगडला. एका टोकापासून तीन बोटांवर लाल शाईची खूण होती. मास्तरांची शाई, वह्या तपासायची.

"हे त्याईचं माप," बाबा म्हणाले. "भिताडाले टेकून उभे राहिले, बापाले खूण कराले लावली. म्हणे मी इतका आहो, तिच्याहून तीन बोटं कमी. तिले विचारा, चालते काय म्हणून."

तीन स्थळं मला पाहून गेली होती. चौथं ठरलं होतं. आजवर मला चालतं का, असं कोणीच विचारलं नव्हतं, आणि मलाही तसं काही विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. मी तो धागा पुन्हा नीट गुंडाळला, कारण तेवढा वेळ मला हवा होता.

"चालते," मी म्हटलं.

लग्नाला अठरा दिवस उरले होते आणि नवरीला साडी नव्हती. सत्तेचाळीसची फणीही आता पुरणार नव्हती. मला जमिनीपर्यंत पोचणारा पन्हा एकाच मागावर निघत होता, धोतराच्या. धोतराचा पन्हा बावन्न इंच. आमच्या मागच्या गल्लीत धोंडबा काका होते, जन्मभर धोतरं विणणारे. त्यांच्या मागावर पांढऱ्या उभ्या धाग्यांचा ताणा नुकताच चढवलेला होता, दोन्ही अंगांना तांबडा काठ, करंगळीएवढा. बाबांनी त्यांना सगळी हकीकत सांगून तो ताणा मागितला. धोंडबा काका इतके हसले की त्यांच्या मागातली कांडी गडगडत खड्ड्यात गेली. मग म्हणाले, पोरगी माझीही आहे, बस माझ्याच मागावर.

युक्ती सोपी होती. उभे धागे पांढरे आहेतच, आडवा धागा हळदीच्या रंगाचं रेशीम टाकायचं. पण बाबांचा हात अडला तो काठापाशी. त्यांनी मला बोलावून घेतलं. करंगळीएवढा काठ म्हणजे काहीच नाही, म्हणाले. चार दिवस जास्त लागतील, पण मी दोन्हीकडचे धागे सोडवून रुंद काठ भरतो. आत्याही तिथेच होती. आता उंची लपवायची नसली तरी बेताची दिसायला काय हरकत आहे, असं तिचं म्हणणं. रुंद काठ, मध्ये दोन-चार पट्टे, तेवढं तरी असावं.

मी मागाकडे पाहिलं. पांढरे धागे खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेले होते आणि कडेची ती बारीक तांबडी रेघ त्यांच्याबरोबर अखेरपर्यंत गेली होती, कुठेही न तुटता. जरीपटक्याच्या आरशातली ती कोठी मला आठवली.

"बारीकच राहू द्या, बाबा," मी म्हटलं. "रुंद काठ मले मंधातून कापते. पट्टे नका टाकू. सरळ खाली येऊ द्या."

"विजेचा खांब दिसशील वं," आत्या म्हणाली.

"दिसू दे."

बाबांनी मान हलवली आणि मागावर बसले. जन्मभर ज्या काठासाठी लोक त्यांचं नाव घेत, तो त्यांनी माझ्या साडीतून सोडून दिला, आणि एका शब्दानंही कुरकुरले नाहीत. गल्लीत मात्र बातमी फिरली, की शालिकराम पोरीसाठी धोतर विणून राहिला. जाता येता लोक धोंडबा काकांच्या दारात डोकावायचे आणि विचारायचे, नवरदेवासाठी मग लुगडं काय. बाबा मान वर न करता विणत राहायचे.

पहिली जांभळी साडी वाया गेली नाही. विहीणबाईंना मानाची साडी द्यायची असतेच. त्या आईहूनही बुटक्या निघाल्या. वीतभर काठाची ती साडी त्यांनी लग्नात नेसली आणि दिवसभर पदर उलगडून लोकांना काठ दाखवत फिरल्या, त्यामुळे बाबांचं नाव उमरेडपर्यंत गेलं.

लग्नाच्या सकाळी मला पिवळी साडी नेसवली. निऱ्या आईनं घातल्या. एकेक निरी कमरेपासून सुटायची ती थेट खाली, मध्ये काही अडवायला नाही, आणि तळाशी ती तांबडी रेघ. नेसवून झाल्यावर आई मागे सरकली, आणखी मागे सरकली, भिंतीला पाठ लागली तेव्हा थांबली. आत्यानं सवयीनं, जरा वाक वं, म्हटलं. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "नको. राहू दे तशीच."

मांडवात अंतरपाट धरला, तो नेहमीच्या उंचीवर. भटजी आणि मामा दोघेही मध्यम बांध्याचे. माझे डोळे अंतरपाटाच्या वर निघाले. मांडवात हशा पिकला. मामांनी हात उंच केले, भटजींचे पोचेनात, कापड एका बाजूला कललं. नवरीनं मान खाली घालायची असते, म्हणून मी घातली, तर खाली थेट मास्तरच दिसले. तेही वर पाहत होते, तीन बोटं वर, आणि हसू दाबत होते. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बायकांना हसण्यातून सूर सापडेना. माझ्या आयुष्यात माझ्या उंचीवर लोक कितीदा तरी हसले होते, पण त्यांच्याबरोबर मी हसत होते असा तो पहिलाच दिवस.

अक्षता पडल्या, हार झाले. माझा हार मी सहज घातला. मास्तरांनी टाचा उचलल्या नाहीत, मला जरा वाका असंही म्हणाले नाहीत. त्यांनी हात पुरते वर केले आणि घातला.

मग आम्ही पाया पडायला बाबांकडे गेलो. ते मांडवाच्या खांबाशी होते, नेहमीसारखे वाकलेले, नवं धोतर, डोक्याला फेटा. मी वाकणार इतक्यात त्यांनी हातानं थांबवलं. लोक पाहत असतानाच ते माझ्या पायांशी खाली बसले आणि काठ आणि जमीन यांच्या मध्ये बोटं घालून पाहिली. चार नाही, दोन नाही, एकही बोट आत गेलं नाही.

"भरलं," ते म्हणाले.

मग उठले. एक हात गुडघ्यावर, एक खांबावर, हळूहळू. पाठ सरळ होत गेली, आणखी सरळ झाली. ते उठत राहिले आणि मी पाहत राहिले, कारण ते संपेचनात. शेवटी ते पुरते उभे राहिले तेव्हा त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर होते, ना वर, ना खाली. माझ्या शेजारी आत्या अक्षतांचं ताट घेऊन उभी होती. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसानंतर आईच्या माहेरचं नाव तिनं पुन्हा कधी काढलं नाही.